थांबे घेत जाणारी बोट

मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून गोव्याकडे किंवा लक्षद्वीपकडे निघालेली क्रूझ बहुधा संध्याकाळी धक्का सोडते. बंदराबाहेर पडून दक्षिणेला वळेपर्यंत दिवस मावळतो आणि पुढच्या चार-पाच तासांत खांदेरी-उंदेरी, अलिबागचा कुलाबा, कोर्लईचा डोंगर, पद्मदुर्ग, जंजिरा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर असा अख्खा रायगडचा किनारा डाव्या हाताला मागे पडतो. प्रवासी तेव्हा जेवणात किंवा नाचगाण्यात रमलेले असतात. किनाऱ्यावरच्या माणसाला दूरवर दिव्यांची एक माळ सरकताना दिसते, एवढाच काय तो दोघांचा संबंध. हा क्रूझवाल्यांचा दोष नव्हे. त्यांनी विकलेलं तिकीट जहाजाचं असतं, किनाऱ्याचं नसतं. प्रश्न आपल्या धोरणाचा आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू झालं. २० सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं, वर्षाला दहा लाख प्रवासी हाताळण्याची त्याची क्षमता सांगितली गेली. या सगळ्या खटाटोपात यशाचं माप एकच धरलेलं दिसतं : एका धक्क्यावरून किती माणसं चढली-उतरली. रायगडच्या किनाऱ्याला या मापाचा काडीचा उपयोग नाही. त्याला तरंगतं हॉटेल नको, थांबे घेत जाणारी बोट हवी. गावचा माणूस, गावचा माल आणि बाहेरचा पाहुणा हे तिघं एकाच बोटीत असतील, तरच ती बोट टिकेल. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे, पण ते वाटतं तितकं निरुपद्रवी नाही, कारण त्यातून आजच्या बऱ्याच योजनांवर काट मारावी लागते.

गेल्या काही वर्षांत मराठी मध्यमवर्गही उत्तर युरोपच्या सागरी सफरींकडे वळला आहे. नॉर्वेचे फ्योर्ड, बाल्टिक समुद्रातलं टालिन, जर्मनीतलं ल्युबेक, स्वीडनचं विस्बी ही नावं सहलींच्या जाहिरातींत रुळली आहेत. या सफरींचं आकर्षण नेमकं कशात आहे, हे नीट पाहिलं पाहिजे. जहाजावरची खोली, जेवण, करमणूक हे सगळं कॅरिबियनमध्येही मिळतं. उत्तरेच्या या समुद्रांत वेगळं काय, तर रोज सकाळी जहाज एका जुन्या व्यापारी शहराच्या अंगणात उभं असतं आणि उतरून चालत गेलं की गाव सुरू होतं. बर्गनचंच घ्या. तिथल्या ‘ब्रिगेन’ नावाच्या लाकडी वखारी १९७९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. चौदाव्या शतकात हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांनी तिथं ठाणं दिलं ते लोफोटेनच्या सुक्या कॉड माशासाठी. उत्तरेत तो मासा थंड वाऱ्यावर लाकडी मांडवांना टांगून सुकवतात, अगदी आपल्या कोळीवाड्यात वलांडीवर बोंबील टांगतात तसा. म्हणजे ज्या शहरापुढे आज आपले पर्यटक फोटो काढतात, ते सुक्या मासळीच्या धंद्यानं उभं केलेलं शहर आहे. समुद्रातून तिथं पोहोचलं की हे न सांगता कळतं : वखारींची तोंडं पाण्याकडे का, गल्ल्या धक्क्याला काटकोनात का. बस करून डोंगराकडून बर्गनमध्ये शिरणाऱ्याला ते मुद्दाम समजावून सांगावं लागतं.

पण उत्तरेकडच्या प्रवासाचे दोन प्रकार आहेत आणि आपण नेमका चुकीचा उचलला. एक, तीन-चार हजार प्रवाशांचं महाकाय जहाज. दुसरा, नॉर्वेची ‘हुर्टिगरुटेन’ म्हणजे किनाऱ्यालगतची टपालबोट. २ जुलै १८९३ रोजी रिशार्ड विथ नावाच्या कप्तानाची ‘व्हेस्टेरालेन’ ही आगबोट ट्रॉन्हेमहून हामरफेस्टकडे निघाली. तोवर उत्तर नॉर्वेत हिवाळ्यात टपाल पोहोचायला आठवडे लागत. काळोखात, खडकाळ किनाऱ्यानं, मोजक्याच दीपस्तंभांच्या भरवशावर आगबोट चालवणं इतर कंपन्यांना अशक्य वाटत होतं. विथनं आणि त्याच्या वाटाड्यानं होकायंत्र, घड्याळ आणि वेगाच्या नोंदी ठेवून मार्ग बसवला, सरकारनं टपालाचं कंत्राट दिलं, आणि बोट सुरू झाली ती आजतागायत आहे. बर्गन ते किर्केनेस हा मार्ग, ३४ बंदरं, जाऊन-येऊन बारा दिवस. त्याच बोटीत परदेशी पर्यटक असतो, पुढच्या गावी दवाखान्यात निघालेली म्हातारी असते आणि पोटात दुकानदारांच्या मालाच्या पेट्या असतात. काही बंदरांत बोट जेमतेम पंधरा मिनिटं थांबते, काहींत तीन-चार तास. नॉर्वेचं सरकार ही सेवा आजही पैसे देऊन विकत घेतं. २०२१ पासून ते कंत्राट दोन कंपन्यांत वाटलेलं आहे. पर्यटकांना या बोटीचं अप्रूप वाटतं ते ती केवळ पर्यटकांची नाही म्हणूनच. आणि गावकऱ्यांना ती परवडते, कारण पर्यटक पूर्ण मार्गाचं भाडं भरतो. दोघांपैकी एकाला वजा करा, दुसऱ्याची बोट बुडीत खाती जाते.

आता रायगडच्या किनाऱ्याकडे याच नजरेनं पाहू. हा किनारा काही उत्तरेच्या बंदरांपुढे इतिहासात उणा नाही. कुंडलिकेच्या मुखाशी असलेलं चौल हे टॉलेमीच्या भूगोलात आणि ‘पेरिप्लस’मध्ये नाव असलेलं बंदर. दहाव्या शतकात अल् मसूदी इथं येऊन गेला, त्यानं अरब व्यापाऱ्यांच्या मोठ्या वस्तीचं वर्णन केलं. १४६९ च्या सुमारास व्होल्गाकाठच्या त्वेर शहराचा अफनासी निकितिन एक घोडा घेऊन चौलला उतरला. चौल-जुन्नर-बिदर असा तो हिंडला. जुन्नरच्या सुभेदारानं घोडा जप्त केला आणि धर्म बदललास तर परत देतो म्हणाला, ही हकीकत त्याच्याच लिखाणात आहे. वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी एक युरोपीय माणूस या किनाऱ्याला लागला, त्याचं स्मारक आज रेवदंड्याच्या एका शाळेच्या आवारात आहे. १९५७ साली त्याच्यावर ‘परदेसी’ हा भारत-सोव्हिएत चित्रपटही निघाला. उत्तरेचा माणूस समुद्रमार्गे आपल्याकडे आला होता, आपण आता त्याच्याकडे जातो. मधल्या काळात आपल्या बाजूचा धक्का तेवढा मोडला. पुढे १५०८ मध्ये याच चौलच्या बंदरात इजिप्तच्या मामलुकांचं आरमार आणि दीवचा मलिक अयाझ यांनी मिळून पोर्तुगीजांना हरवलं, पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा इथं मारला गेला. १५७०-७१ मध्ये निजामशाहीनं रेवदंड्याला वेढा घातला आणि तो निष्फळ ठरला. १७४० मध्ये पोर्तुगीजांनी चौल मराठ्यांच्या हवाली केलं आणि ते निघून गेले, मात्र समोरच्या कोर्लई गावात त्यांची बोली राहिली. सुमारे हजारभर माणसं आजही घरात ती पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात, आणि तिच्यात मराठीची घडण इतकी मुरली आहे की लिस्बनच्या माणसाला ती सहज कळायची नाही.

एवढं सगळं असून रेवदंड्याला येणारा पर्यटक काय पाहतो? अलिबागहून मुरूडकडे जाताना रस्ता किल्ल्याच्या तटातूनच आत शिरतो, नारळी-पोफळीच्या वाड्यांत अर्धवट लपलेला सातखणी मनोरा दिसलाच तर दिसतो, आणि गाडी साळावच्या पुलावर चढते. दहा मिनिटांत शहर संपलं. पाण्यातून आलं तर हेच ठिकाण वेगळं आहे. उजव्या हाताला कोर्लईचा डोंगर सरळ समुद्रात घुसलेला, त्याच्या पाठीवर एका ओळीत दरवाजे आणि बुरूज; डाव्या हाताला रेवदंड्याचा तट; मध्ये खाडीचं तोंड, आणि त्या तोंडातून आत जाणारं प्रत्येक गलबत दोन्हीकडच्या तोफांच्या टप्प्यात. चौल का जगलं आणि कोर्लईचा किल्ला का बांधला, हे एका दृष्टिक्षेपात उमगतं. जंजिऱ्याचंही तसंच. किनाऱ्यावरून तो पाण्यातला एक काळा ठोकळा. राजपुरीहून शिडाच्या होडीनं निघालं तरी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठं आहे ते ओळखू येत नाही. बुरूज असे वळवले आहेत की दार दोन बुरुजांच्या कुशीत दडतं. होडी पायऱ्यांशी लागते तेव्हा एक खलाशी दोर धरतो, दुसरा प्रवाशाचा दंड, आणि लाट वर आली की त्या क्षणी पाऊल टाकायचं, खाली गेली की थांबायचं. आत शिरताना हत्तींना पंजात धरलेल्या श्वापदाचं शिल्प दिसतं. सिद्द्यांचा हा किल्ला मराठ्यांना, इंग्रजांना, कोणालाच का मिळाला नाही, याचं निम्मं उत्तर त्या पायऱ्यांवर तोल सावरतानाच मिळून जातं. मग मागे वळून पाहिलं की वायव्येला शिवाजी महाराजांनी उभारलेला पद्मदुर्ग दिसतो, आणि दोन किल्ले एकमेकांकडे रोखून का पाहत होते ते नकाशाशिवाय कळतं. खांदेरी-उंदेरीची जोडी अशीच : १६७९ मध्ये महाराजांनी खांदेरी बांधायला घेतली, इंग्रजांनी आरमार आणून अडवायचा प्रयत्न केला, तो फसला, आणि लगेच सिद्दीनं शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं. सुटा खांदेरी किंवा सुटा उंदेरी पाहण्यात अर्थ नाही. हा किनारा म्हणजे एकमेकांना दिलेल्या उत्तरांची मालिका आहे आणि ती फक्त पाण्यावरून, ओळीनं पाहिली तरच वाचता येते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात रायगडाबरोबर खांदेरीही आहे. घारापुरी १९८७ पासून त्या यादीत आहेच, आणि घारापुरीही याच जिल्ह्यातली. पण घारापुरीला गेटवेहून लाँच जाते. खांदेरीवर जायचं तर थळच्या बंदरात कोळी बांधवांशी बोलून होडी ठरवावी लागते, भरती-ओहोटी त्यांच्या सोयीनं सांभाळावी लागते. बेटावर वेताळाचं देऊळ आहे, धातूसारखा नाद देणारी शिळा आहे, लोखंडी चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या तोफा आहेत. वारशाचा शिक्का मिळाल्यावर आता तिथं जेटी, रोषणाई, ध्वनिप्रकाश असं काहीबाही सुचवलं जाईल. आधी वेळेवर सुटणारी एक बोट द्या, बाकीचं मागाहून बघू.

‘समुद्रमार्ग आता कालबाह्य झाला’ हे वाक्य या जिल्ह्यात तरी कोणी उच्चारू नये. उरणच्या न्हावा-शेव्यात १९८९ पासून चालू असलेलं जवाहरलाल नेहरू बंदर देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. धरमतरच्या खाडीतून डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी कोळसा आणि खनिजाचे बार्ज ये-जा करत असतात. राजपुरीच्या खाडीत, जंजिऱ्याच्या पाठीशी, दिघी बंदर आहे. म्हणजे रायगडचा समुद्र रिकामा नाही, उलट गजबजलेला आहे. कोळसा पाण्यानं येतो, मुरूडची गर्भार बाई मात्र रस्त्यानं जाते. मालाला जे स्वस्त आणि सोयीचं ते माणसाला का नसावं, याचं उत्तर भूगोलात सापडत नाही. मुंबई ते मुरूड हे अंतर पाण्यानं सुमारे ४० सागरी मैल; ताशी १५ सागरी मैल वेगाची साधी बोट पावणेतीन तासांत पोहोचेल. रस्त्यानं ते दीडशे किलोमीटरच्या आसपास भरतं, आणि शनिवारी सकाळी वडखळच्या अलीकडे अडकलात तर किती तास, हे ज्याचं त्यानं सांगावं.

लोक बोटीनं जातील का, हा प्रश्न मांडव्यानं निकालात काढला आहे. गेटवे-मांडवा लाँच कित्येक वर्षं भरून वाहतात. १५ मार्च २०२० रोजी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सेवा सुरू झाली, टाळेबंदीत लगेच थांबली, आणि पुन्हा सुरू झाल्यावर सुट्टीच्या दिवशी गाडीसाठी जागा मिळणं मुश्कील झालं. पण मांडव्याच्या यशाची एक बाजू नीट पाहिली जात नाही. रो-रोनं गाडी समुद्रापार नेली आणि अलिबागच्या अरुंद रस्त्यावर सोडली. तिचा फायदा अलिबाग तालुक्यात बंगला असलेल्यांना सर्वांत जास्त झाला. मांडव्याच्या दक्षिणेला, रेवदंडा-मुरूड-श्रीवर्धनला, काय पोहोचलं? मोटारींची रांग. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईहून जयगड आणि विजयदुर्गपर्यंत जलद रो-रोची चाचणी फेरी झाली, तेव्हा दक्षिण कोकणात आनंद झाला आणि तो योग्यच आहे. पण नकाशा पाहिला तर ही बोटही रायगडला वळसा घालूनच जाते. २०१८ मध्ये मोठ्या गाजावाजानं निघालेली ‘आंग्रिया’ ही मुंबई-गोवा बोट आठवावी. कान्होजी आंग्रे यांच्या आडनावाची ती बोट, पण कान्होजींच्या कुलाब्यासमोरून न थांबता थेट मुरगावला जायची. कोकणातल्या बंदरांत थांबे घेण्याची भाषा सुरुवातीला झाली होती, ती प्रत्यक्षात आली नाही, आणि २०२० नंतर बोट बंद पडली. बंद पडण्याची कारणं अनेक असतील. पण एका टोकाहून दुसऱ्या टोकाला फक्त मौजेखातर जाणाऱ्या प्रवाशावर विसंबणं हे त्यातलं एक असावं, असं मला वाटतं.

इथं कोणी म्हणेल, हे सगळं जुन्या आगबोटींच्या आठवणींचे कढ काढणं आहे. मुळीच नाही. जुन्या आगबोटीची महती गाणाऱ्यांनी एकदा तिच्या डेकवरची स्थिती आठवावी. कोकणी माणूस जिला शेपर्ड कंपनी म्हणे, ती बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी आणि तिच्या स्पर्धक कंपन्या मुंबईहून थेट गोव्यापर्यंतची बंदरं करीत. रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन, बाणकोट, हर्णै, दाभोळ अशी ती माळ. बऱ्याच ठिकाणी धक्काच नव्हता. बोट बाहेर नांगर टाकी, पडाव तिला भिडत, लाटांवर दोन्ही वरखाली होत असताना माणसं, ट्रंका, आंब्याच्या करंड्या आणि पोरं हातोहात उतरवली जात. बोट लागलेल्यांची रांग कठड्याशी असे. स्वदेशीच्या भावनेतून कोकणी लोकांनी स्वतःची सहकारी कंपनी काढली, तिला लोक प्रेमानं ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत, तिच्या अनेक बोटींना संतांची नावं होती. ११ नोव्हेंबर १९२७ च्या वादळात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिना उरला असताना, गटारीच्या दिवशी ‘रामदास’ भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काश्याच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेहून जास्त माणसं गेली. जी थोडी वाचली त्यांतल्या बऱ्याच जणांना रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं. भर पावसाळ्यात, खचाखच भरलेली बोट : ही सेवेची नव्हे, बेपर्वाईची गोष्ट आहे. आणि ती जुनी म्हणून बाजूला ठेवण्याजोगी नाही; १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि पंधरा जीव गेले, तेव्हा किती जणांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट होतं, हा प्रश्न पुन्हा निघालाच. म्हणून मी जुनी बोट परत मागत नाही. तिचा थांब्यांचा नकाशा मागतो, तिचा कारभार नव्हे.

पावसाळ्याचा आक्षेप खरा आहे. जून ते ऑगस्ट हा किनारा बंद असतो, नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात जायचं नाही ही कोळ्यांची रीत शहाणपणाची आहे. नॉर्वेची बोट बर्फातही चालते म्हणून आपली आषाढात चालावी असा हट्ट धरण्यात हशील नाही. पण वर्षाचे नऊ महिने उरतात, आणि आंबा, मे महिन्याची सुट्टी, दिवाळी, नाताळ हे सगळं त्या नऊ महिन्यांत येतं. ज्या धंद्याचे नऊ महिने चालू आणि तीन महिने डागडुजी असं वेळापत्रक आधीच ठरलेलं आहे, तो धंदा बेभरवशाचा म्हणता येत नाही. गाळाचा आक्षेप अधिक अवघड. कुंडलिकेचं मुख, सावित्रीचं मुख, सगळीकडे वाळूचे बांध आहेत. चौलचं बंदर मागे पडायला मुंबईचा उदय जितका कारण, तितकाच हा गाळही. मात्र हा आक्षेप मोठ्या जहाजाला लागू पडतो. दोन मीटरच्या आसपास डूब असलेली, शे-दीडशे माणसांची बोट भरतीचं गणित सांभाळून या खाड्यांत शिरू शकते. काशीदला लाटरोधक बंधारा आणि जेटी, जंजिऱ्यापाशी जेटी, अशी कामं सागरमाला योजनेतून काढली गेली. प्रत्येक जेटी सुटी विचारात घेतली आणि त्यांना जोडणारी बोट कोणती, हे कोणी ठरवलंच नाही. धक्का आधी बांधायचा आणि मग बोट शोधायची, हा उलटा क्रम आहे.

पूल झाले की बोटी संपतात, हा तिसरा आक्षेप, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. एके काळी मुंबईहून धरमतरपर्यंत बोटीनं आणि पुढे मोटारीनं असा कोकणचा रस्ता होता. खाडीवर पूल झाला, बोट गेली. आता अटल सेतू आहे, जानेवारी २०२४ पासून वाहता. रेवस ते रेडी सागरी महामार्गावर धरमतर, कुंडलिका, आगरदांडा, बाणकोट असे पूल प्रस्तावित किंवा चालू आहेत. पण बाणकोटच्या खाडीवरचा पूल वर्षानुवर्षं अर्धवट उभा आहे आणि त्याच्या सावलीत बागमांडला-वेशवी फेरीबोट रोज मोटारसायकली, एसटी चुकलेली माणसं आणि पुणेकरांच्या गाड्या वाहते आहे. आगरदांडा-दिघीचंही तेच. या बोटी खासगी कंपन्या चालवतात, आणि त्या चालतात याचं कारण त्यात वर सांगितलेलं मिश्रण आपोआप झालेलं आहे : पोरगा शाळेत निघालाय, बाई मासळी घेऊन बाजारात, आणि पर्यटक हरिहरेश्वरला. कुठल्याही सल्लागार कंपनीनं हे आखून दिलेलं नव्हतं. शिवाय पूल खाडी ओलांडतो. किनाऱ्यालगतचं लांब अंतर तो कापत नाही. मुरूड ते मुंबई हा प्रवास दहा पूल झाले तरी रस्त्याचाच राहील, आणि त्या रस्त्याच्या शेवटी असलेल्या गावात गाड्या लावायला जागा नाही हेही तसंच राहील.

पैशांचं काय? सुरुवातीची वर्षं तोटा येणार, तो सरकारनं सोसावा, असं म्हटलं की लोक भुवया उंचावतात. राज्यात १९४८ पासून एसटी आहे आणि आडवळणाच्या गावाला जाणारी तिची गाडी नफ्यासाठी जात नाही, हे आपण मान्य केलेलंच आहे. समुद्रकाठच्या गावाला तेवढा हा न्याय का नाही? महाराष्ट्र सागरी मंडळ १९९६ पासून आहे; बंदरं आणि परवाने याच्या पलीकडे, मार्ग आखून फेऱ्यांचं कंत्राट देणं, हे काम त्यानं अंगावर घ्यायला हवं. टर्मिनलवर शेकडो कोटी खर्च करताना कोणी नफा-तोटा विचारत नाही, बोटीच्या फेरीला मात्र पहिल्याच महिन्यात हिशेब मागतात.

मुंबईच्या बाजूचा अडथळाही लहान नाही. गेटवेवरची गर्दी हलवण्यासाठी रेडिओ क्लबजवळ नवी जेटी काढली, तर कुलाब्याच्या रहिवाशांनी ती उच्च न्यायालयात नेली. रायगडच्या बोटीला मुंबईत जागा हवी ती भाऊच्या धक्क्यावर, जिथं मासळीही उतरते आणि माणूसही. तिथं कोणाच्या खिडकीतला देखावा बिघडत नाही.

सुरक्षेचा मुद्दा या किनाऱ्यावर नाजूक आहे, आणि तो टाळून चालणार नाही. १९९३ च्या बॉम्बस्फोटांची स्फोटकं दिघी आणि शेखाडीला उतरली. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरजवळ तीन रायफली असलेली बेवारस नौका किनाऱ्याला लागली. घातपाताचा प्रकार नसल्याचं निष्पन्न झालं, पण दोन दिवस जिल्ह्याची झोप उडाली. यातून लोक असा निष्कर्ष काढतात की समुद्रावर वर्दळ वाढवणं धोक्याचं. उलट आहे. स्फोटकं उतरली ती जिथं कोणाचं येणंजाणं नव्हतं अशा ठिकाणी. रोज ठरल्या वेळी बोट लागणाऱ्या बंदरात अनोळखी गलबत पहिल्या तासात नजरेत येतं. कोळ्यांचा आक्षेप मात्र मी सुरक्षेपेक्षा वरचा मानतो. डोल टाकलेली असते, खुंट रोवलेले असतात, आणि बोटीचा पंखा जाळ्यातून गेला तर एका कुटुंबाचा हंगाम जातो. बार्ज आणि मोठ्या जहाजांनी हा त्रास आधीच भरपूर दिला आहे. म्हणून मार्ग आखताना पहिली बैठक कोळीवाड्यांत व्हायला हवी, तांडेलांकडून जाळ्यांच्या जागा घेऊन. आणि नुकसान झालंच तर भरपाई बोटीच्या कंत्राटातच लिहिलेली हवी.

गर्दीबद्दल युरोपचा अनुभव आपल्याला फुकटात उपलब्ध आहे. व्हेनिसनं १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या क्रूझना शहरातल्या कालव्यात बंदी केली. दुब्रोव्हनिकनं जहाजांची संख्या बांधली, बर्गननंही दिवसाला किती जहाजं आणि किती प्रवासी यावर मर्यादा घातली. ही सगळी शहरं आधी पाहुण्यांसाठी आतुर होती. जंजिऱ्याच्या पायऱ्यांवर नाताळच्या सुट्टीत आत्ताच होड्या एकमेकींवर आदळतात. तिथं हजार माणसांचं जहाज आणून उभं करण्याची कल्पना कोणी मांडली तर तिला जागच्या जागी नकार दिला पाहिजे. लहान बोटीचा हाही एक फायदा आहे की ती आपोआप मर्यादा घालते.

राहता राहिलं वेळापत्रक, आणि माझ्या मते सगळी योजना तरेल किंवा बुडेल ती इथंच. खेड्यात मुक्कामाची एसटी असते. ती रात्री गावात थांबते म्हणून पहाटे तालुक्याला जाता येतं; तीच गाडी रात्री तालुक्याला थांबली असती तर गावाला तिचा उपयोग शून्य. आपल्याकडे आजवर आखलेल्या बहुतेक जलसेवा सकाळी मुंबईहून सुटतात आणि संध्याकाळी मुंबईला परततात, कारण त्या मुंबईकराच्या सहलीसाठी आखलेल्या असतात. रायगडच्या बोटीचा मुक्काम श्रीवर्धनला हवा. पहाटे पाचला तिनं सुटावं, दिघी, राजपुरी, रेवदंडा घेत अकराच्या आत भाऊच्या धक्क्याला लागावं : दवाखान्याची, कचेरीची कामं असणारी माणसं, श्रीवर्धनची सुपारी, हंगामात आंबा आणि अलिबागचा मानांकन मिळालेला पांढरा कांदा घेऊन. दुपारी एकला परतीची फेरी. मुंबईचा पर्यटक तिच्यात चढेल, चारच्या सुमारास राजपुरीला उतरेल, जंजिऱ्याची शेवटची होडी त्याला मिळणार नाही, म्हणून त्याला मुरूडला राहावंच लागेल. जेवण खाणावळीत, झोप कोणाच्या तरी घरगुती लॉजमध्ये, किल्ला दुसऱ्या दिवशी सकाळी. तिसऱ्या दिवशी पहाटे तीच बोट त्याला परत नेईल, किंवा दुपारची बोट पकडून तो पुढे श्रीवर्धनला जाईल आणि बाणकोटची खाडी फेरीबोटीनं ओलांडून रत्नागिरी जिल्ह्यात उतरेल. असा एक हंगाम, ऑक्टोबर ते मे, दोन बोटींवर चालवून पाहायला टर्मिनलच्या खर्चाचा लहानसा भागही पुरेल.